७.६५ च्या पिस्तुलात पुंगळ्या फुगतायत – काडतूस चुकीचं की पिस्तूल थकलंय?

टर्नर_भोसरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण विषय असा आहे की शेजारीपाजारी विचारायची सोय नाही. आजोबांचं पिस्तूल वडिलांकडे आलं आणि वडील गेल्यावर वारस म्हणून सगळे सोपस्कार करून परवाना माझ्या नावावर झाला. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९१० मॉडेल आहे, स्लाइडवर (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) फ्रेंचमध्ये लांब ओळ कोरलीय, आणि पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून बॅरलवर "कॅल ७ एम/एम ६५" असं दिसतं. परवान्यावर मात्र ".३२ बोअर पिस्तूल" लिहिलंय. आधी तर मला ह्याचाच घोळ वाटत होता.

मागच्या रविवारी रीतसर रेंजवर नेऊन सहा गोळ्या मारल्या. तीन वडिलांच्या मॅगझीनमधल्या जुन्या आणि तीन परवा दुकानातून घेतलेल्या केएफच्या. सगळ्या सुटल्या, अडकलं काही नाही. पण घरी येऊन पुंगळ्या टेबलावर मांडल्या तर पहिल्या पुंगळीला एका बाजूनं पोट आलंय, बुडाच्या कडेच्या जरा वर, अंगठ्याच्या नखाला स्पष्ट लागतं. बाकीच्यांना पण तिथेच थोडंसं आहे पण बघायला गेलं तरच कळतं. तीस वर्षं लेथवर काढलीत, पितळ उगाच फुगत नाही एवढं कळतं. माणसाच्या तळहातात धरायची वस्तू आहे ही, म्हणून विचारतोय. काडतूस चुकीचं आहे का पिस्तूल संपलंय?

जुनं_ते_सोनं
दादा आधी एक करा, उत्तर मिळेपर्यंत त्यातून अजून एकही गोळी मारू नका. पिस्तूल रिकामं करून कपाटात ठेवा आणि मग निवांत बोलू.

नावाचा घोळ सोडवतो. ७.६५ ब्राउनिंग, ७.६५ गुणिले १७ आणि .३२ एसीपी हे तिन्ही एकच काडतूस. जॉन ब्राउनिंगने एफएनसाठी १८९९ च्या सुमारास केलं म्हणून युरोपात ते ७.६५ ब्राउनिंग, पुढे कोल्ट कंपनीनं अमेरिकेत १९०३ च्या पिस्तुलासोबत विकलं म्हणून तिकडे ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल, म्हणजे एसीपी. पुंगळीची लांबी १७ मिमी आणि थोडी, गोळीचा व्यास ७.९ च्या आसपास, पूर्ण काडतूस २५ मिमी. खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत होतं तेही हेच, बुडावर केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. (१८६९ सालचा कारखाना आहे तो, खडकीला इंग्रज किर्की म्हणायचे तेच नाव बुडावर टिकलंय, आता २०२१ पासून म्युनिशन्स इंडियाखाली आला तरी.) तेव्हा तुमच्या बॅरलवरचं ७.६५ आणि परवान्यावरचं .३२ ह्यात भांडण नाही.

पण नुसतं "सात पासष्ट" एवढ्यावर कधी जाऊ नये. ७.६५ पॅराबेलम म्हणून वेगळंच काडतूस आहे, लुगर पिस्तुलाचं, पुंगळी २१ मिमीची आणि बाटलीसारखा गळा असलेली. फ्रेंच लोकांचं ७.६५ लाँग होतं ते २० मिमीचं. आकडा एक, माल वेगळा.

माळावरचा
वाचतोय. एक शंका, माझ्याकडे .३२ चं रिव्हॉल्वर आहे, कानपूरचं. पिस्तुलाची .३२ काडतुसं त्यात बसतात असं एकानं सांगितलं होतं, कडा पण अडकते म्हणे. मग मारली तर काय होतं?

जुनं_ते_सोनं
बसतं म्हणून मारायचं नसतं हो! रिव्हॉल्वरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं, पुंगळी २३ मिमीच्या वर. पिस्तुलाच्या आणि ह्याच्या बुडाचा व्यास जवळपास सारखा, म्हणून ते खोबणीत शिरतं आणि .३२ एसीपीला अर्धवट कडा असते ती कशीबशी टेकते. पण दाबाचं बघा. अमेरिकन मानकात .३२ एसीपीची मर्यादा २०,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि लाँगची १५,०००. जुन्या मोडणाऱ्या, म्हणजे वरून उघडणाऱ्या, रिव्हॉल्वरांचं .३२ स्मिथ अँड वेसन शॉर्ट पण पिस्तुलाच्या काडतुसाहून कमी दाबाचंच. आजोबांच्या काळच्या तसल्या रिव्हॉल्वरमध्ये पिस्तुलाचं काडतूस घालणं म्हणजे हात गमावायची तयारी. दुकानदाराला नुसतं "बत्तीस द्या" म्हणू नका, पिस्तुलाचं का रिव्हॉल्वरचं ते सांगा, आणि घरी आल्यावर डबी उघडून बूड वाचा. रिव्हॉल्वरच्या काडतुसाची कडा अंगापेक्षा चांगली रुंद असते, बोट फिरवलं की लागते. पिस्तुलाच्या कडेखाली खाच असते आणि कडा जेमतेम बाहेर येते. दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघितलीत की जन्मात चूक होणार नाही.

ह्यूस्टनवाला
टर्नर दादा, अजून एक तपासायला हवं. एफएन १९१० हे ७.६५ मध्ये पण यायचं आणि ९ मिमी शॉर्टमध्ये पण, म्हणजे .३८० एसीपी, आणि फ्रेम तीच, बॅरल बदललं की झालं. साराएवोला १९१४ साली ज्या पिस्तुलानं आर्चड्यूक फर्डिनांडला मारलं ते पण १९१०च, आणि ते .३८० मधलं होतं, बरेच लोक अजून .३२ लिहितात. सांगायचा मुद्दा हा की जुन्या पिस्तुलावर स्लाइड काय म्हणते त्यापेक्षा आत बॅरल कुठलं बसलंय ते महत्त्वाचं, शंभर वर्षांत कोणी काय बदललं ते आपल्याला माहीत नसतं.

इथे टेक्सासमध्ये माझ्या शेजारच्या लेनवर एक गृहस्थ होते, छोटं .३८० चं पिस्तूल, आणि कुठल्यातरी जत्रेसारख्या गन शोमधून आणलेली सुट्टी काडतुसं. त्यात .३२ मिसळलेली. .३२ ची कडा ९.१ मिमीची आणि .३८० च्या चेंबरचा, म्हणजे बॅरलमध्ये काडतूस बसतं त्या जागेचा, व्यास ९.५ च्या आसपास, म्हणजे काडतूस सरळ आत सरकतं, एक्स्ट्रॅक्टरनं (पुंगळी ओढून काढणारी आकडी) धरून ठेवलं तर सुटतं पण. आवाज फुसका आला म्हणून थांबवलं त्यांना. पुंगळी हातात घेतली तर तोंडापासून बुडापर्यंत सगळी फुगून सरळ नळी झालेली आणि एका बाजूनं लांब चिरलेली. ती पुंगळी मी अजून ठेवलीय. तुमच्या पुंगळ्या तशा सगळीकडून फुगल्या असत्या तर मी म्हटलं असतं बॅरल बदललेलं आहे. पण तुम्ही एका बाजूला आणि बुडाजवळ म्हणताय म्हणजे हे वेगळं आहे. तरी मोजून टाका.

आणि .३८० ला पण नावं किती, ९ मिमी कुर्झ, ९ मिमी शॉर्ट, कोर्टो, ९ गुणिले १७. त्याच्या शेजारी रशियन मकारोव ९ गुणिले १८, त्याची गोळीच जाड असते. इथे दोन्ही मिळतात आणि दोन्ही डब्यांवर मोठ्ठा ९ लिहिलेला असतो.

टर्नर_भोसरी
आज संध्याकाळी बसलो. पिस्तूल खोललं. तोंडाशी खाचांची कडी आहे ती दाबून फिरवायची, स्प्रिंग बॅरलभोवतीच गुंडाळलेली असते, अंगठा धरून होतो म्हणून, नाहीतर कडी खिडकीतून बाहेर गेली असती. पण एक जाणवलं, स्प्रिंगमध्ये मला वाटलं तेवढा जोर नव्हता.

बॅरल हातात घेऊन नवं काडतूस वरून सोडलं. टुक्क करून बसलं, उलटं केलं की आपोआप बाहेर. म्हणजे ७.६५ चं बॅरल ७.६५ चंच आहे.

मग व्हर्नियर कॅलिपरनं मापं घेतली, सगळी मिमीत. न मारलेल्या नव्या काडतुसांची बुडाजवळ जाडी ८.५ ते ८.५५. मारलेल्या सहापैकी पाच पुंगळ्या ८.६२ ते ८.६६. फुगलेली एक, एका दिशेनं ८.६४ आणि पुंगळी फिरवली की ८.८३. म्हणजे गोल नाहीच ती, अंडाकृती झालीय. बुडातली ठिणगी देणारी टोपी पण बाकीच्यांपेक्षा चपटी, कडा पसरलेल्या.

नेमबाज_कोल्हापूर
काका, छान मोजलंय. मी सेंटर फायर, म्हणजे पिस्तूल नेमबाजीतला एक स्पर्धाप्रकार, खेळते, .३२ लाँगच्या वॉडकटरवर (चपट्या टोकाची गोळी), आमची पण बरीचशी पिस्तुलं ब्लोबॅकच असतात म्हणून लिहितेय. (सेंटर फायरला ७.६२ ते ९.६५ मिमी चालतं. दोह्याला २००६ मध्ये जसपाल राणांनी ५९० मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती तो प्रकार.)

ब्लोबॅक म्हणजे बॅरलला कुलूप नसतं. गोळी पुढे निघते त्याच क्षणी पुंगळी मागे ढकलायला लागते आणि तिला अडवायला फक्त दोनच गोष्टी, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. दाब उतरेपर्यंत पुंगळीचं बूड चेंबरमध्येच राहिलं पाहिजे. स्प्रिंग मेली असेल तर पुंगळी दाब असतानाच थोडी जास्त बाहेर येते आणि जेवढा भाग उघडा पडला तेवढा फुगतो. त्यात चेंबरच्या खालच्या बाजूला काडतूस वर चढायला उतार कापलेला असतो, फीड रॅम्प, तिथे पुंगळीला मुळातच आधार कमी. म्हणून थोडं पोट खालच्या बाजूला जवळपास सगळ्या छोट्या पिस्तुलांत येतं. पितळ फुगून चेंबरला चिकटणं हे तर त्याचं कामच आहे, तसं झालं नाही तर गॅस मागे तुमच्या तोंडावर येईल.

कुठल्या बाजूला फुगतंय ते कळायला सोपी युक्ती आहे. पुढच्या वेळी काडतुसाच्या बुडावर मार्करनं एक रेघ मारा आणि ती रेघ वर ठेवून एकेक काडतूस भरा. फुगवटा रेघेच्या बरोबर समोर, म्हणजे खाली आला तर रॅम्प. सगळ्या बाजूंनी सारखी कडी आली तर स्लाइड पूर्ण बंद व्हायच्या आत गोळी सुटलीय, ते फार वाईट, तेव्हा चेंबरमधली घाण आणि चापाचं काम दोन्ही तपासायला पाहिजे. मध्येच कुठेतरी गोल वळा उठला तर चेंबरलाच इजा आहे.

पण काका, सगळ्यांत एकच पुंगळी एवढी वेगळी का, हे स्प्रिंगनं सुटत नाही. स्प्रिंग तर सहाही वेळा तीच होती.

कोकणकडा
माझाही अनुभव सांगतो. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळा म्हणजे कपाटातले कपडे ओले लागतात, तिथे वडिलांनी काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेली. चामडं कमवताना जे काय वापरतात त्यानं पितळाला हिरवं चढतं, आणि मग ते पुसायला बंदुकीचं तेल. तेल लावलेलं काडतूस चेंबरची भिंत धरत नाही, सरळ मागे सगळा जोर देतं, आणि वर तेल टोपीत झिरपलं की एखादं फुस्स होतं. तसं एक झालं होतं, गोळी नळीतच राहिली, नशीब बरोबरच्या काकांनी आवाज ओळखून हात धरला. दुसरी मारली असती तर नळीला गाठ आली असती. तुमच्या जुन्या काडतुसांना तेल होतं का?

आणि गनस्मिथकडे जाल तर रॅम्प "पॉलिश" करू देऊ नका. माझ्या मेहुण्यांच्या पिस्तुलाचा रॅम्प एकानं काडतूस चांगलं चढावं म्हणून कानस मारून खोल केला. चढायला लागलं मस्त, पण त्यानंतर प्रत्येक पुंगळी पोटुशी. गेलेलं लोखंड परत येत नाही.

टर्नर_भोसरी
तेल नव्हतं, कोरडी होती. पण ताईंनी विचारलं तेच डोक्यात फिरत होतं की एकच का. रात्री झोप लागेना म्हणून उठून वडिलांची उरलेली चार काडतुसं काढली आणि लांबी मोजली. नवी केएफची सगळी २४.९ ते २५. वडिलांच्या चारपैकी तीन पण तशीच. चौथं २३.७.

सव्वा मिलिमीटर गोळी आत गेलीय. डोळ्याला दिसत नाही, शेजारी उभं केलं की दिसतं. आणि त्याच काडतुसाच्या कडेवर भिंगातून बघितलं तर एक्स्ट्रॅक्टरचे ओरखडे, एकावर एक, मोजता येत नाहीत इतके, विहिरीच्या काठाला दोराचे वळ पडतात तसे. बाकी तिघांवर एकेक दोनदोन. मग फुगलेली पुंगळी घेतली. तिच्या कडेवरही तसेच ओरखडे.

तेव्हा कळलं. वडील रोज रात्री झोपताना एक काडतूस चेंबरमध्ये चढवायचे आणि सकाळी आई उठायच्या आधी काढून परत मॅगझीनवर वरचंच ठेवायचे. आमचं घर तेव्हा गावाबाहेर एकटं होतं. स्लाइडचा तो आवाज मी लहानपणी रोज सकाळी ऐकलाय, कट्-कट्. रोज तेच काडतूस रॅम्पवर आपटणार आणि रोज गोळी केसभर आत जाणार. एक बरंच आत गेल्यावर त्यांनी दुसरं घेतलं असणार.

जुनं_ते_सोनं
दादा, सापडलं तुमचं. गोळी आत बसली की पुंगळीतली रिकामी जागा कमी होते, आतली बंदुकीची दारू तेवढीच, जागा कमी, दाब भसकन वर जातो. एवढ्याशा पुंगळीत तर एक मिलिमीटर म्हणजे फार मोठा हिस्सा. त्यात स्प्रिंग सैल आणि खाली रॅम्पचा उघडा भाग, तिन्ही एकत्र आले आणि ती पुंगळी खालच्या बाजूला फुगली. नव्या काडतुसांना दाब बरोबर म्हणून त्यांना नुसती चाहूल लागली. फुटली नाही ही देवाची कृपा म्हणा, फुटते तेव्हा रॅम्पच्या बाजूनं फुटते आणि गॅस मॅगझीनमधून खाली हातात येतो.

आपल्याकडे हे जास्त होतं असं माझं मत आहे, कारण परवान्यावर काडतुसं मोजकी, महाग, आणि लोक तीच दहा-वीस वर्षानुवर्षं भरतात काढतात. जिथे डबेच्या डबे मिळतात तिथला माणूस वरचं काडतूस सहज मारून टाकतो.

माळावरचा
मग ती आत गेलेली गोळी पक्कडीनं ओढून परत जागेवर आणली तर?

नेमबाज_कोल्हापूर
नको नको, अजिबात नको. पुंगळीच्या तोंडाची पकड एकदा सैल झाली की ती गोळी पहिल्याच धक्क्याला परत आत जाणार. आणि जिवंत काडतुसाला पक्कड लावणं हे स्वतंत्रच संकट. कचऱ्यात पण टाकू नका, ज्यांच्याकडून काडतुसं घेता त्या परवानाधारक विक्रेत्याला विचारून रीतसर नोंद करून जमा करा.

ह्यूस्टनवाला
सहमत. इथे माझी सवय सांगतो, चढवलेलं काडतूस काढलं की त्याच्या बुडावर मार्करनं एक ठिपका. दोन ठिपके झाले की ते पुढच्या रेंजच्या दिवशी पहिलं मारायचं, त्याआधी शेजारी नवं उभं ठेवून लांबी बघायची. आणि मॅगझीन भरताना एक बघा, .३२ ला अर्धवट कडा असल्यामुळे वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली तर मॅगझीन असं जाम होतं की झटकून सुटत नाही. आखूड टोकाच्या पोकळ गोळ्यांना ते जास्त होतं, गोल टोकाच्या पूर्ण लांबीच्या गोळीला कमी.

आणि दादा, ती फुगलेली पुंगळी इकडेतिकडे दाखवायला बॅगेत घालून विमानतळावर नेऊ नका. विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांची विमानं चुकतात आणि वर गुन्हा दाखल होतो.

टर्नर_भोसरी
सगळ्यांना अपडेट. तीन आठवडे लागले. गनस्मिथ शोधला, परवाना बघितल्याशिवाय पिस्तुलाला हात लावला नाही, तिथेच विश्वास बसला. त्यांनी नवी स्प्रिंग बसवली, जुनी शेजारी ठेवली तर जुनी जवळपास दीड बोटानं आखूड. एक्स्ट्रॅक्टर आणि चापाचं काम तपासलं, चेंबरला आतून गाठ नाही, रॅम्पला कोणी हात लावलेला नाही. रॅम्पला तुम्ही पण हात लावू नका म्हणालो तर हसून म्हणाले, कशाला लावू.

आज रेंजवर फक्त नवी काडतुसं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे मार्करची रेघ वर. एकेक करून पाच मारली, प्रत्येकीनंतर पुंगळी उचलून बघितली. व्हर्नियर सोबत होता. ८.५९, ८.६०, ८.५९, ८.६१, ८.६०. रेघेच्या समोर नखाला जेमतेम काहीतरी लागतं, टोप्या सगळ्या गोल.

आखूड झालेलं काडतूस आणि बाकी तीन जुनी जमा केली, नोंद घेतली. फुगलेली पुंगळी हिशोबात दाखवायची आहे म्हणून ठेवलीय. आईला ओरखडे दाखवले. तिनं भिंग घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, मला वाटायचं ते कडी लावतायत दाराची.